लाल दोऱ्याची मॅट

एप्रिलात अख्खं जालना सावली शोधतं आणि कल्याणी मॅडमच्या स्टुडिओत दारं-खिडक्या लावून वर हीटर पेटवतात. याला हॉट पॉवर योगा म्हणतात. मोनालीला आधी हसूच आलं होतं. पण एमआयडीसीतल्या बियाणे कंपनीत दिवसभर वाकून बी तपासणाऱ्या बाईची कंबर धरली की हसू पळतं. ती जायला लागली, कंबर सुटली आणि त्या भट्टीतल्या बायकाही आवडायला लागल्या. लग्न होऊन या गावात आल्यापासून तिनं स्वतः जोडलेल्या ह्या पहिल्या मैत्रिणी होत्या.

मॅट स्टुडिओच्याच होत्या. हाताला येईल ती उचलायची, घामानं भिजवायची आणि तिथंच सोडायची. मग झाडलोट करणाऱ्या दैवशालाबाई त्या पुसून मांडणीत रचायच्या. आज माझ्याखाली असलेली मॅट उद्या तुझ्याखाली, त्यात कुणाला काही वाटत नसे.

चौदा एप्रिलला मोनालीनं क्लासला पेढे नेले.

"वाढदिवस का गं?" यशश्रीनं विचारलं.

"बाबासाहेबांची जयंती."

"हो का," यशश्री म्हणाली. मग तिला उपास आठवला आणि पेढा कागदात गुंडाळून पिशवीत गेला. मोनालीनं उपास खरा मानला.

दुसऱ्या दिवसापासून मोनालीची मॅट आधीच अंथरलेली असायची. दाराजवळ, कोपऱ्याला लाल दोरा बांधलेली. मॅडम आपली किती सोय बघतात, असं तिला वाटलं. तिनं घरी नवऱ्याला कौतुकानं सांगितलंसुद्धा. पुढं हेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

एकदा पाण्याची बाटली विसरली म्हणून ती जिन्यातून परत फिरली. सगळ्या मॅट मांडणीत गेल्या होत्या. तिची तेवढी संडासाच्या दाराशी, फरशी पुसायच्या फडक्याशेजारी टांगलेली होती.

"दैवशालाबाई, ही इथं का?"

दैवशालाबाईंनी मान खाली घातली. "मला नका विचारू, ताई. मॅडमनं सांगतलं, लाल दोऱ्याची मॅट दुसऱ्या कोणाला बिलकुल द्यायची न्हाई. तुम्ही पेढे वाटल्ते ना, तवापासून."

मोनालीची कानशिलं तापली. खराब निघालेल्या बियाण्याच्या पोत्याला कंपनीत लाल दोराच बांधतात, चांगल्या मालात मिसळू नये म्हणून. ती रोज स्वतःच्या हातानं बांधायची.

ती तडक कल्याणी मॅडमसमोर उभी राहिली.

"अगं, मनाला काय लावून घेतेस!" मॅडम गोड हसल्या. "तुला घाम जरा जास्त येतो. स्वच्छतेसाठी केलं."

घाम! यशश्रीच्या मॅटवर रोज तळं साचायचं. घामासाठीच तर हीटर पेटवतात, आणि ह्यांना घामाचीही जात दिसली! मोनालीच्या तोंडात शिव्या आल्या होत्या, पण एकही बाहेर पडली नाही. रात्रभर तिला त्या गोड हसण्याचा संताप येत राहिला. क्लास सोडावा, असं नवरा म्हणाला. "मी काऊन सोडू?" ती त्याच्यावरच खेकसली.

सकाळी दैवशालाबाईंनी कुलूप काढलं, तेव्हा मोनाली लाल दोऱ्याचं रीळ घेऊन दारात उभी होती. बाईंनी रिळाकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"मी जिना झाडून राह्यले," त्या म्हणाल्या. "मला काय बी ठाऊक न्हाई."

मोनालीनं आपली मॅट मांडणीत घुसवली, सगळ्या उलटसुलट केल्या आणि एकेकीच्या कोपऱ्याला दोरा बांधला. तीच गाठ, तेवढाच दोरा.

बायका आल्या. हीटर सुरू झाले, दार लागलं. यशश्रीनं मॅट उचलली, दोरा दिसताच टाकली, दुसरी उचलली, तीही टाकली. मग सगळ्याच हात आखडून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"हा काय तमाशा आहे, मोनाली?" मॅडमचं हसू गेलं होतं. "तुझी कोणती?"

"तुम्हीच ओळखा. माझा घाम येगळा आहे ना? बघा हुंगून."

खोली तापत चालली. नुसतं उभं राहूनच सगळ्यांच्या अंगाला धारा लागल्या आणि त्या खाली फरशीवर एकमेकींत मिसळू लागल्या. मोनालीनं हाताला आली ती मॅट उचलली, दार सोडून खोलीच्या मधोमध अंथरली आणि वर उभी राहिली.

"चला मॅडम, सुरू करा," ती म्हणाली. "हीटर चालू आहे."