देवाचं चाक

गाडीखाली माणूस मेला, की ती गाडी ‘डिओडँड’ होते. पाद्रीबाबा सांगतात, शब्द जुन्या लॅटिनमधला, अर्थ ‘देवाला द्यायची वस्तू’. देवाला काही पोचलेलं मी अजून पाहिलं नाही. सगळं जमीनदाराच्या कोठारात जातं. गाडी चालती असेल तर घोड्यासकट जाते. उभी असेल, तर माणूस ज्यावरून पडला ते चाक तेवढं जातं.

जेथ्रो पिमची चिमुरडी डॉर्कस गेली, तेव्हा चौकशी माझ्याच गुत्त्यात बसली. पोर टेबलावर, चादरीखाली. पंच म्हणून गावातलेच बाप्ये. सगळ्यांची सफरचंदं झाडाखाली पडलेली आणि ती सायडरच्या, म्हणजे त्यांच्या दारूच्या, घाण्यावर न्यायला गावात गाडी एकच, जेथ्रोची.

“गाडी उभी होती,” जेथ्रो म्हणाला. “पोरगी चाकावर चढली अन् घसरली.”

“खोटं,” त्याची बायको टॅमसिन म्हणाली. “हा पिऊन हाकत होता. चाक फिरत होतं. मी दारातून पाहिलं.”

पंचांचा म्होरक्या ओबेड क्राउच. त्याची बाग सगळ्यांत मोठी. तो गोड आवाजात म्हणाला, “पोरी, डोळ्यांत पाणी असलं, की उभं झाडसुद्धा हलताना दिसतं.”

“पाणी नंतर आलं, काका.”

“बरं, फिरत होतं समज. गाडी गेली तर ही उठून बसणार आहे? घरात आणखी दोन तोंडं आहेत. त्यांना काय घालशील, खरेपणा उकडून?”

दोघं-तिघं हसले. त्या चादरीशेजारी बसून हसले मेले.

निकाल लागला: गाडी उभी होती, डावं चाक देवाचं.

जमीनदाराच्या कारभाऱ्याने चाक काढून नेलं आणि दुसऱ्याच दिवशी परत धाडलं. धन्याची सफरचंदंही सडायला लागली होतीच की.

डॉर्कसची पेटी त्याच गाडीतून चर्चकडे निघाली. मागून सगळे पंच, टोप्या हातात धरून. माझ्या जिवाचा नुसता संताप होत होता. टॅमसिन डाव्या चाकाच्या कडेने चालली होती. उतार लागला तशी ती थांबली आणि मागे वळली.

“ओबेडकाका, आज माझे डोळे कोरडे आहेत. तुम्हीच बघून सांगा. हे चाक फिरतंय, की उभं आहे?”

जेथ्रोने घोड्याला चाबूक मारला.