व्हॉल्व्हला टांगलेली किल्ली

आमचे साहेब, म्हणजे माझा धाकटा भाऊ, सकाळी नऊला धक्क्यावर आले ते इस्त्रीच्या शर्टात. लाँचवर इस्त्रीचा शर्ट. मी काही बोलले नाही. म्हणजे, थोडंच बोलले.

आमच्या वडिलांना, आप्पांना, जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून त्यांची लाँच धक्क्याला बांधून होती. पंचेचाळीस वर्षं त्यांनी तिच्यातून लोकांना पलीकडच्या तीरावर नेलं आणि आणलं. आता आम्ही ती पलीकडच्या शाळेला देऊन टाकली होती. दुपारी चारला शाळेचा चालक तिला न्यायला येणार होता आणि त्याआधी आईला तिच्यातून एकदा जाऊन यायचं होतं. एक्याऐंशी वर्षांची बाई, जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही, आणि मागितलं ते हे. "एकच फेरी," म्हणाली, "मग खुशाल द्या."

आई तिच्या बाकावर बसली. साहेबांनी खिशातून किल्ली काढली. मी सवयीने मागच्या टोकाला जाऊन नळीवर नजर ठेवून उभी राहिले. त्रेपन्न वर्षांची झाले तरी पाय आपोआप तिकडेच गेले.

ही सवय सांगायला हवी. इंजिन तापू नये म्हणून एक पंप बाहेरचं पाणी ओढतो, इंजिनातून फिरवतो आणि मागच्या नळीतून बाहेर टाकतो. त्या पंपात एक रबरी पंखा असतो. तो कोरडा फिरला की जळालाच. म्हणून आप्पा पंपाआधीच्या गाळणीत मगाने पाणी भरून झाकण लावायचे, तळातला व्हॉल्व्ह उघडायचे, इंजिन सुरू करायचे आणि मनात वीस मोजायचे. नळीतून पाणी पडलं की मी मागून ओरडायचं, "आलं." वीसपर्यंत आवाज आला नाही तर इंजिन बंद. शाळेला जाण्याआधी रोज मी हेच करत असे. साहेबांना हे शिकवायचं राहून गेलं, कारण साहेब शिकत होते.

इंजिन खोकलं, धुरकटलं आणि सुरू झालं. नळी कोरडी ठणठणीत.

"बंद कर," मी म्हणाले.

"हवा धरली असेल, ताई. येईल दोन मिनिटांत."

"अरे मेल्या, बंद कर म्हणते ना!"

बंद केलं, पण तोवर जळक्या रबराचा वास सुटला होता.

आईला कमी ऐकू येतं, नाक मात्र शाबूत आहे. तिने विचारलं, "किल्ली कुठली आणलीस?"

"कपाटातली. जास्तीची होती ती."

"मग व्हॉल्व्ह बंदच असणार."

मी तळावरची फळी उचलली. व्हॉल्व्ह बंद, आणि त्याच्या दांडीला निळ्या दोरीने बांधलेली आप्पांची किल्ली. लाँच बांधून ठेवताना व्हॉल्व्ह बंद करायचा आणि किल्ली त्यालाच टांगायची, म्हणजे किल्ली घ्यायला हात घातला की व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय राहत नाही. हा आप्पांचा नियम. तो का झाला, ते मला पक्कं माहीत होतं, निदान मी तसं समजत होते.

अकरा वर्षांची होते. मला इंजिन सुरू करायचं होतं आणि आप्पा रोज "उद्या" म्हणायचे. त्या दिवशीही म्हणाले. मी फुगले. नळीकडे पाठ करून बसले आणि न बघताच ओरडले, "आलं." भर पाण्यात इंजिन तापून बंद पडलं. बारा माणसं अडीच तास उन्हात तळली, तेव्हा दुसऱ्या होडीने ओढून आणलं. धक्क्यावर लोक जमले होते. आप्पा हात जोडून म्हणाले, "चूक माझी. व्हॉल्व्ह उघडायला विसरलो." दुसऱ्या दिवसापासून किल्ली तिथे लटकली. पोस्टमन तर निवृत्त होईपर्यंत लाँचवर पाय ठेवताना विचारायचा, "काय आप्पा, व्हॉल्व्ह उघडला का?" लोक हसायचे, आप्पाही हसायचे. मी मनात हिशेब करून टाकला होता. अर्धी चूक त्यांची, अर्धी माझी. माझी अर्धी मी मुकाट गिळून बसले.

"आता काय करायचं?" साहेब म्हणाले. तोंड एवढंसं झालं होतं. "मेकॅनिक परवाशिवाय येत नाही. आई, आपण बसने जाऊ या का?"

आई बाकावरून उठली नाही. तेव्हा मी पदर खोचला.

सुकाणूच्या खालच्या डब्यात नवा पंखा होता, आप्पांनी जपून गुंडाळून ठेवलेला. मी पंप खोलला. सहा पाकळ्यांपैकी तीन तुटल्या होत्या. तिन्ही तुकडे शोधून काढले, कारण एक जरी आत राहिला तर पुढची नळी तुंबते. नव्या पंख्याला साबणाचं पाणी लावलं, पाकळ्या एका अंगाला दाबून आत बसवला. साहेब बॅटरीचा उजेड धरून होते. "तुला कुणी शिकवलं?" म्हणाले. कोण शिकवणार? मागे उभी राहून कितीदा चोरून बघितलं होतं, त्याचा उपयोग पहिल्यांदाच झाला.

गाळणी काठोकाठ भरली, झाकण लावलं, व्हॉल्व्ह उघडला. वर बघते तर आई मागच्या टोकाला, कठडा धरून वाकलेली.

"मी बघते," म्हणाली. "पडलं तरच सांगेन."

इंजिन सुरू केलं आणि मोजायला लागले. बारा झाले. पंधरा. अठराला मला वाटलं, म्हण गं आई, म्हणून टाक. वीस झाले. मी बंद केलं.

"नाही आलं," आई शांतपणे म्हणाली.

झाकण सैल राहिलं होतं, तिथून हवा ओढली जात होती. पुन्हा पाणी भरलं, बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरला, झाकण हाताला कळ लागेपर्यंत आवळलं. पुन्हा मोजायला लागले. नऊ, दहा.

"आलं."

तिचा आवाज ऐकून मला एकदम रडूच आलं. मी वंगणाच्या हातांनी डोळे पुसले आणि वर साहेबांनाच ओरडले, "दोरी सोड, बघतोस काय."

अर्ध्या वाटेवर आई माझ्याजवळ येऊन बसली. मी तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "मी तेव्हा न बघताच ओरडले होते, आई."

"माहितेय. मी धक्क्यावरून बघत होते. तुझी पाठ होती नळीकडे."

"आणि आप्पा?"

"मी रात्री सांगितलं त्यांना. पण त्यांना आधीच कळलं होतं. व्हॉल्व्ह उघडाच होता गं. खाली पाणी ओढायच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बसली होती. घरी आणली होती त्यांनी ती."

"मग विसरलो म्हणून का सांगितलं?"

"पिशवी म्हटलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मागे बघायला कोण होतं."

मी तिच्याजवळ आणखी सरकले. मग विचारलं, "आणि किल्ली?"

"ती तुझ्यासाठी. तुलाही खरं वाटावं म्हणून. मी किती वेळा म्हटलं, आता काढा की. तर म्हणाले, काढली तर पोरीला कळेल."

चाळीस वर्षं तो माणूस रोज वाकून ती किल्ली टांगत होता आणि लोकांच्या थट्टेला हसत होता. माझी अर्धी चूक कुठली, सगळीच माझी होती, आणि त्यांनी लोकांसमोर तिचा कणभरही भार माझ्यावर येऊ दिला नाही. पलीकडचा तीर गाठून आम्ही परत धक्क्याला आलो.

चारला शाळेचा चालक आला. मी त्याला गाळणी दाखवली, पाण्याचा मग हातात दिला, वीस मोजायला शिकवलं. त्याने फळीखाली वाकून विचारलं, "किल्ली इथे का टांगता?"

साहेब हसले. "आमचे आप्पा एकदा व्हॉल्व्ह उघडायला विसरले होते."

"नाही विसरले," मी म्हणाले. "आप्पा कधीच विसरले नाहीत. मागे मी उभी होते आणि न बघताच 'आलं' म्हणाले."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. आई धक्क्यावर खुर्चीत बसली होती. तिला कमी ऐकू येतं, पण एवढं ऐकू गेलं असावं, कारण तिने मान हलवली.

चालकाला काय कळायचं. त्याने विचारलं, "मग किल्ली ठेवू कुठे?"

"तिथेच," मी म्हणाले.