पुनवेची भरती

“मिसीबाबा, मागं फिर! पानी येल!”

रंगूबाईच्या ओरडण्यानं वर गच्चीत जेवणारी माणसं दचकली. खाली पाण्यातल्या खडकावर सहा वर्षांची लिली शिंपले वेचत बसली होती.

“थांब ना आया, मना अजून पायजेत,” लिली रंगूबाईच्या कोपरी गावच्या मराठीत म्हणाली. तिच्याच मांडीवर वाढलेली पोर, दुसरं काय बोलणार!

ठाण्याच्या रेल्वेसाहेबाच्या मडमेबरोबर, लिलीच्या आईबरोबर, रंगूबाई आगबोटीतून इटलीला आली, त्याला आठवडा झाला होता. मडमेनं सुट्टीसाठी समुद्रकाठी बंगला घेतला होता. पिवळ्या भिंती, दारात लिंबाची झाडं, पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. बाकीच्यांना स्वर्ग दोन बोटं उरला होता. रंगूबाईच्या जिवाला मात्र घोर लागला होता. आठ दिवसांत एकदासुद्धा ओहोटी नाही! पाणी आपलं जिथल्या तिथं, दबा धरून बसलेलं. हे सगळं एकदम उसळणार, आणि पुनवेलाच उसळणार, असं तिच्या मनानं घेतलं. काल चंद्र पुरता वाटोळा होता. म्हणजे आज भर दुपारी उधाण. खाडीकाठच्या बाईला त्यासाठी पंचांग लागत नाही.

तिची पोटची पोर गोदा कोपरीच्या खाडीत अशीच गेली होती. पुनवेचा दिवस होता, दुपार व्हायची होती. रंगूबाई चिखलात चिंबोऱ्या धरत होती, पाच वर्षांची गोदा कातळावर कालवं वेचत होती. खाडीचं पाणी समोरून येत नाही, मागून गपचूप वळसा घालतं. “आये!” अशी हाक आली तेव्हा मध्ये दोन पुरुष पाणी होतं. त्यानंतर रंगूबाई खाडीत उतरली नाही, साहेबाच्या बंगल्यावर कामाला लागली.

आता सूर्य डोक्यावर आला. लुगड्यानिशी रंगूबाई पाण्यात घुसली आणि लिलीला ओढून तिनं पायरीवर आणून टाकलं. पोरीचा गुडघा खरचटला, शिंपले सांडले.

“पानी कुठं आलंय?” लिलीनं भोकाड पसरलं.

मडम धावत खाली आली. पोरीच्या गुडघ्यावर रक्त बघून ती लालबुंद झाली. “पागल हो गया, आया? इधर का पानी ऊपर नहीं आता! कभी नहीं!”

“आज पुनव हाय, मडमसाब. माजी पोर...”

“बस! कल से मिसीबाबा तुम्हारे पास नहीं रहेगा.” मडम लिलीला उचलून वर घेऊन गेली.

रंगूबाई तिथंच पायरीवर उभी राहिली. पाणी कुठं असं असतं होय? मडम खोटं बोलत असणार. मग तिनं काय करावं? जीव मुठीत धरून ती स्वतःच त्या खडकावर जाऊन बसली. येऊ दे मेलं पाणी, सगळ्यांना दिसू दे. दर लाटेला ती डोळे गच्च मिटून घेई. मधूनच मागं वळून बघे.

ऊन कललं. वर दिवे लागले. पाणी तिच्या घोट्याशी होतं ते घोट्याशीच राहिलं. वीतभरसुद्धा चढलं नाही. दिवसभर पोर बसवून ठेवावी, आणि संध्याकाळी हाक मारून घरी न्यावी, असं पाणी.

तेव्हा कुठं रंगूबाईला रडू फुटलं. खडकावर हात आपटत ती समुद्राला म्हणाली, “मेल्या, येवढा गरीब हायस, तर आमच्या कोपरीला का नाय रं आलास?”