रंगखात्यातला सिलिकॉनचोर

महिनाभर आमच्या रंगखात्यातून निघणाऱ्या फ्रिजच्या दरवाजांवर खड्डे पडत होते. बारीक, गोल, देवीच्या व्रणांसारखे. स्प्रेगन माझ्या हातात, म्हणून दोषही माझ्याच गळ्यात. शनिवारपर्यंत खड्डे थांबले नाहीत तर घरी बसायचं, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं. वीस वर्षं रंग मारतोय, पण अशी पाळी कधी आली नव्हती.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी कारण शोधलं. "हे सिलिकॉन. मोठं गुणी हो! भट्टीच्या दाराला त्याचं रबर लावा, वितळत नाही. साच्याला फासा, माल चिकटत नाही. पण रंगाखाली त्याचा नुसता डाग असला तरी रंग बाजूला पळतो."

"पण आलं कुठून?" मी विचारलं.

"कुणाच्या तरी अंगावरून. हाताचं क्रीम, केसांचं सिरम, काहीही."

लगेच चौकशी समिती बसली. आम्हा अकरा जणांच्या क्रीमच्या डब्या जप्त झाल्या, एकाचं मिशीचं मेणसुद्धा सुटलं नाही. भेगाळल्या हातांनी आम्ही काम करत राहिलो आणि खड्डे पडत राहिले. साहेब रोज जातीने पाहणीला येत. चकचकीत केसांवरून हात फिरवत आणि तोच हात कोऱ्या दरवाजावर ठेवून म्हणत, "इथे पडतात बघा, इथे!"

शुक्रवारी बाईंनी परीक्षा घेतली. प्रत्येकाने स्वच्छ पत्र्यावर तळहात ठेवायचा, मग मी त्यावर रंग मारायचा. अकराही पत्रे आरशासारखे निघाले. म्हणजे चोर आमच्यात नव्हता. पण तो सापडल्याशिवाय माझी सुटकाही नव्हती.

"साहेब, तुमचाही हात," मी म्हणून गेलो.

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"मी काय चोर आहे?" साहेबांनी केस सारखे केले आणि पत्र्यावर हात आपटला.

मी गन चालवली. पाच बोटं आणि तळवा, अख्खा पंजा खड्ड्यांनी उठून आला. बाईंना ठसका लागला.

"पत्राच सदोष आहे," म्हणत साहेबांनी तो उलटा केला.

सोमवारी समितीचा अहवाल फळ्यावर लागला. कारण: कारागिरांनी साहेबांना वारंवार पाहणी करण्यास भाग पाडले. उपाय: साहेबांनी रंगखात्यात येण्याची तसदी घेऊ नये. माझी नोकरी राहिली. 'पहिलाच गुन्हा' म्हणून मला माफीचं पत्र मिळालं. राग असा आला की तिथेच फाडावं. पण निमूट सही केली आणि खाली अकरा जणांतर्फे नम्र विनंती लिहिली, की उपाय कायमस्वरूपी असावा.