यल्लव्वाच्या घरचं उत्तर

झुबेदा बीदरला निघून गेली आणि वसुमतीचं अभ्यासावरून मन उडालं. विद्यापीठातल्या विभागात बाजूची खुर्ची रिकामी दिसली, की ती काहीतरी कारण काढून बाहेर पडायची.

संशोधनाचा विषय दोघींनी मिळून घेतला होता. वर्तमानपत्रांत इस्लामबद्दल, मुसलमानांबद्दल काय छापून येतं आणि ते वाचून लोकांचं मत कसं बनतं. चौऱ्याण्णव साली टीव्हीवरच्या उर्दू बातम्यांवरून त्यांच्या शहरात, म्हणजे कन्नड मुलखाच्या राजधानीत, दंगल पेटली, तेव्हापासून हा विषय त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. वसुमती कन्नड आणि इंग्रजी पेपर वाचायची, झुबेदा उर्दू. एकीचे वडील नरसिंगराव चिकपेटेत कापडाचे व्यापारी, दुसरीच्या अब्बांचं शिवाजीनगरात घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. वसुमती थोडी थोरली, म्हणून झुबेदा तिला वसुअक्का म्हणायची.

लोकांना प्रश्न विचारत त्या शहराबाहेरच्या पीण्या भागात, कारखान्यांमागच्या वस्तीत हिंडल्या होत्या. तिथं यल्लव्वा नावाच्या बाईनं त्यांना घरात बसवलं, गूळ-पाणी दिलं. झुबेदाचा चेहरा उन्हानं लाल झालेला पाहून पंखा तिच्याकडे वळवला.

"अव्वा, शेजारी मुसलमान राहायला आले तर चालतील?" वसुमतीनं विचारलं.

"नको गं बाई! पेपरात रोज काय काय येतं. मालक वाचून दाखवतात ना."

"ओळखीचं आहे कुणी त्यांच्यातलं?"

"छे! आमचा कुठला संबंध?" असं म्हणत यल्लव्वानं झुबेदाच्या कपाळावरचे केस मागं सारले.

वसुमतीला राहवेना. "अव्वा, ही—" ती बोलू लागली, तोच झुबेदानं तिचा हात दाबला आणि उत्तर लिहून घेतलं.

बसमध्ये वसुमती चिडली. "सांगू का दिलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर बिचारीनं उत्तर बदललं असतं," झुबेदा म्हणाली. "आपल्याला खरं उत्तर हवं होतं ना?" मग शिवाजीनगर येताच ती उतरून गेली.

ज्यांच्या ओळखीचं एकही मुसलमान माणूस नव्हतं, त्यांचाच पेपरवर सगळ्यात जास्त विश्वास होता, असं अभ्यासातून दिसलं. एका वर्तमानपत्राचा वार्ताहर दोघींशी बोलून गेला. छापून आलं ते भलतंच: 'हिंदूंना आम्ही शेजारी नको आहोत, मुस्लिम तरुणीचा आरोप'. वसुमतीचं नाव कुठंच नव्हतं. विभागात शिव्यांचे फोन येऊ लागले. अब्बांच्या दुकानावर कुणीतरी दगड मारला. वसुमती संपादकाशी भांडून आली, तेव्हा कुठं आतल्या पानावर बारीक अक्षरांत खुलासा आला. तोवर झुबेदा बीदरला मावशीकडे जाऊन शाळेत शिकवायला लागली होती.

एका रविवारी करमेना म्हणून वसुमती एकटीच पीण्याला गेली. यल्लव्वानं ओळखलं. "ती दुसरी पोर कुठंय?"

वसुमतीनं सगळं सांगितलं. यल्लव्वानं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"माझ्यासमोर बसून लिहून घेतलं तिनं ते?"

"हो, अव्वा."

"आणि मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते गं!" तिनं पदरानं हात पुसले. मग म्हणाली, "फोन आहे का तिच्याकडे?"

"शाळेत आहे. उद्या लागेल."

सोमवारी दोघी नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेल्या. झुबेदा फोनवर आल्यावर वसुमतीनं कोण बोलणार ते सांगून रिसीव्हर यल्लव्वाकडे दिला.

"पोरी, जेवलीस का?" तिनं विचारलं. पलीकडून काहीतरी उत्तर आलं. यल्लव्वाचे डोळे भरले. "त्या दिवशी मी तुझं नावसुद्धा विचारलं नाही. आता सांग." नाव ऐकून तिनं ते हळूच म्हणून पाहिलं आणि रिसीव्हर वसुमतीच्या हातात दिला.

"परत ये," वसुमती म्हणाली.

"वसुअक्का, तिथं मला पाहिलं की लोकांना आधी तो मथळा आठवणार. इथं मी नुसती बाई आहे, पोरींची."

"मला करमत नाही गं."

"मला तरी कुठं करमतं?"

ती आणखी काही बोलेल म्हणून वसुमती रिसीव्हर कानाशी घट्ट धरून उभी राहिली. पलीकडे शाळेची घंटा झाली, पोरींचा गलका उठला, आणि झुबेदा "ठेवते हं" म्हणून वर्गावर गेली.