कोपरावरच्या डागाचा फोटो

मी एक कॅमेरा. बटण दाबलं की पोटातून लगेच फोटो बाहेर काढणारा. आधी कागद पांढरा असतो, मग त्यावर हळूहळू माणूस उमटतो. त्या दोन-तीन मिनिटांत माणसं किती गप्प होतात, हे माझ्याइतकं कोणी पाहिलं नसेल.

१९९८ साली अयूबभाईंनी मला कुवेतहून दाभोळला आणलं. खलाशांच्या, दर्यावर्दींच्या त्या मोहल्ल्यात मी पहिलाच असा होतो. ईदच्या दिवशी दारासमोर रांग लागली. भाईंची बायको रझिया फोटोआधी दर वेळी ओढणी सारखी करायची आणि नेमकं बटण दाबताना डोळे मिटायची. असे डोळे मिटलेले फोटो भाई परत जाताना बॅगेत घालून नेत.

माझ्या फिल्मच्या पाकिटात दहाच कागद असतात, आणि ते पाकीट आपल्याकडे सहसा मिळत नाही. भाईंनी आणलेली पाकिटं संपली तशी मला टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलं. तिथे कापराच्या वासात मी पाच वर्षं काढली.

२००५च्या जूनमध्ये मला बाहेर काढलं ते त्यांच्या मुलीनं, निदानं. ती मुंबईत शिकत होती. समाजकार्याची एम.ए. झाल्यावर तिनं आणखी एक वर्षाचा अभ्यासक्रम घेतला होता. पूर, भूकंप, दंगल अशा वेळी मुलांना कसं सांभाळायचं, याचं ते शिक्षण होतं. आदल्या वर्षीच्या त्सुनामीनंतर अशी माणसं किती कमी आहेत हे सगळ्यांना कळलं होतं. रझिया विचारायची, "पोरं सांभाळायला कॉलेज कशाला लागतं गो?" निदा हसून टाळायची.

तिच्या भावानं परदेशातून धाडलेलं एक पाकीट तिनं माझ्यात भरलं. मुदत टळलेलं होतं, पण चालत होतं. वर्गात सरावाला तीन कागद गेले. दोन मित्रांचे आणि एका शिपायाचा असे फोटो निघाले. शिकवणाऱ्या विमलाताई म्हणाल्या होत्या, "हरवलेलं मूल मिळालं की त्याचा फोटो भिंतीवर लावायचा नाही. कोणाच्या हातात द्यायचा नाही. मागायला येईल त्याचा फोटो मुलाला दाखवायचा."

निदानं ते वहीत लिहून घेतलं. महिन्याभरात ते वापरायची वेळ आली.

जुलैच्या अखेरीस वाशिष्ठी नदीला पूर आला. निदा तेव्हा घरी आली होती. ताईंना कसाबसा फोन लावून तिनं परवानगी घेतली, आणि मदतीच्या ट्रकमधून आम्ही पोफळीच्या रस्त्यावरच्या एका शाळेत पोचलो. वर्गावर्गांत माणसं भरली होती. ओले कपडे, चुलीचा धूर, रडणारी तान्ही. शिबिर आत्माराम गुरुजी बघत होते. सज्जन माणूस, तीन दिवस झोप नाही.

आईबापांवाचून आलेली चार मुलं तिथे होती. निदानं त्यांना एका वर्गात एकत्र ठेवलं, दारात दोन वयस्क बायका बसवल्या आणि एकेकाशी बोलून नोंद केली. चार कागद तिथे गेले. फोटो तिनं डब्यात बंद केले. माझ्यात तीन उरले.

सगळ्यांत धाकटी मृणाली, पाच वर्षांची. आई भाताच्या लावणीला नदीपलीकडे गेली असताना पाणी चढलं. शेजारणीनं नाव-वय सांगून तिला एका होडीत चढवलं, आणि शेजारीण मागेच राहिली. एवढंच होडीवाल्यांना ठाऊक होतं. मृणाली बोलत नव्हती. निदाच्या कुर्त्याचं टोक मुठीत धरून बसायची.

दुसऱ्या दिवशी निदा पाणी आणायला गेली तेवढ्यात गुरुजींनी चारही मुलांची नावं आणि वयं कागदावर लिहून फाटकाला चिकटवली. निदा परत आली तेव्हा निम्मा गाव ती वाचून गेला होता.

"गुरुजी, हे काढा," ती म्हणाली.

"अहो, नावं वाचून आईबाप येतील ना."

"आईबापच येतील कशावरून?"

दुपारी एक बाई मोटारीतून आली. कडक इस्त्रीची साडी, हातात बिस्किटांचा पुडा. "मी मृणालीची मावशी. पाच वर्षांची आहे बघा आमची पोर," म्हणाली. गुरुजींना हायसं वाटलं. ते वर्गाकडे वळलेसुद्धा.

निदा मध्ये उभी राहिली. "मुलीच्या आईचं नाव काय?"

बाईनं बिस्किटांचा पुडा पुढे केला. "आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो."

"बरं. नोंदीसाठी तुमचा एक फोटो काढते."

मी वर उचलला गेलो. बाईनं पदर तोंडावर ओढला. "पर्स गाडीत राहिली," म्हणत ती मागे फिरली. निदानं बटण दाबलं. कागदावर पाठ आणि अर्धा गाल एवढंच आलं. मोटार घाटाच्या दिशेनं गेली. फोटो पोलिसांकडे दिला, पण ती बाई कोण होती ते पुढे कधीच कळलं नाही.

गुरुजींनी फाटकावरचा कागद स्वतः फाडला.

तिसऱ्या दिवशी आला धोंडू. गुडघ्यापर्यंत चिखल, वाढलेली दाढी, अंगावर फाटकी बनियन. "माजी भाची हाय का हितं? चिमी," तो म्हणाला.

चिमी नावाची मुलगी नोंदीत नव्हती.

"शाळेतलं नाव काय तिचं?" निदानं विचारलं.

"ता मला काय ठाव? चिमीच म्हनतो आमी."

"वय?"

त्यानं हात कमरेएवढा धरून दाखवला. "येवडी."

कालची गोष्ट शिबिरभर झाली होती. माणसं गोळा झाली. "हा बी पोरं पळवणाराच," कोणीतरी म्हणालं. एकानं त्याची मान धरली. निदा त्या घोळक्यात घुसली आणि धोंडूच्या पुढ्यात उभी राहिली. "हात लावायचा नाही. तो कोण आहे ते अजून ठरायचंय."

तिनं त्याचा फोटो काढला. तो हलला नाही, पळाला नाही. माझ्याकडे रोखून बघत राहिला.

मग वर्गात, दार लोटून, तिनं चटईवर चार फोटो मांडले. मुंबईत सरावाला काढलेले तिघांचे, आणि धोंडूचा. मृणालीला म्हणाली, "यातलं कोणी ओळखीचं आहे का बघ. नसलं तरी चालेल."

मृणालीनं पहिला बाजूला सारला. दुसरा. तिसराही. चौथ्यावर तिचं बोट थांबलं. दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडातून शब्द आला.

"धोंडूमामानं दाढी नाय केली."

गुरुजी दारात होते. त्यांनी डोळे पुसले. "झालं तर. द्या मुलगी."

"नाही गुरुजी," निदा म्हणाली. "ती त्याला ओळखते एवढंच कळलं. आई जिवंत असेल तर तिनं सांगायला हवं."

धोंडू भिंतीला टेकून खाली बसला. सगुणा, त्याची बहीण, पळताना बांधावरून पडली होती. पाय मोडला होता. तो दोन दिवस शिबिरं धुंडाळत चालत आला होता. "ती तिकडं पोर मेली म्हनून पडलीय. अन्न शिवत नाय. मी रिता हात घेऊन कसा जाऊ बाय?"

निदानं त्याला व्हरांड्यात सगळ्यांसमोर मुलीजवळ बसू दिलं. मृणाली त्याच्या मांडीवर चढली आणि त्याच्या दाढीवरून हात फिरवत राहिली. त्यापेक्षा जास्त निदाला देता येत नव्हतं, आणि आईपर्यंत काहीतरी पोचायला तर हवं होतं. चेहऱ्याचा फोटो ती देणार नव्हती.

मृणालीच्या उजव्या कोपरावर भाजल्याचा डाग होता, लांबट, पानासारखा. निदानं तिला उजेडात बसवलं, बाही वर केली आणि मला जवळ नेलं. माझ्यात एकच कागद होता. मुदत टळलेला, हवेतल्या दमटपणानं फुगलेला. तो बाहेर आला तेव्हा नुसता पिवळट होता. तिघं त्याच्यावर वाकली. एक मिनिट गेलं. कडेनं पांढरा पट्टा आला आणि माझा धीर सुटला. मग मधोमध एक करडी सावली धरली, आणि त्यात हात, हातावर डाग.

"हे आईला दाखवा," निदा म्हणाली. "हे कशानं झालं ते तिनं सांगितलं की मी मुलगी देते. कोणी वाचणारं, लिहिणारं असेल तर चिठ्ठी आणा. नसेल तर तुम्हीच सांगा."

धोंडूनं फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. जाताना मृणाली त्याच्या पायाला मिठी मारून किंचाळली. निदानं तिची बोटं एकेक करून सोडवली.

उद्या येतो म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी पाऊस वाढला, तो आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मृणाली जेवेना. निदानं पुढे केलेला घास ती हातानं उडवायची. तिच्या कुर्त्याचं टोक आता ती धरत नव्हती. विमलाताईंचा फोन लागत नव्हता.

"तुमच्या नियमांपायी पोर आजारी पडेल," गुरुजी म्हणाले.

निदा म्हणाली, "त्या दिवशीची मोटारीतली बाई मी थांबवली तेव्हा बरोबर होतं, आणि हे चूक, असं मला नाही करता येत." पण संध्याकाळी हौदापाशी तोंड धुताना ती बराच वेळ ओंजळीत तोंड धरून उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकात गलका झाला. बांबूला बांधलेल्या खुर्चीत बसवून चार माणसं एका बाईला आणत होती. पुढच्या दोघांत धोंडू होता. पाण्यामुळे दोन दिवस पलीकडे अडकून पडले होते. सगुणाच्या हातात तो फोटो होता, भिजून कडा उकललेला.

निदा जवळ गेली. विचारायचं धैर्य तिला होईना, पण विचारलं. "डाग कशाचा?"

"पेजेचं मडकं कलंडलं. तीन वर्सांची होती. चूल मी पेटवलेली," सगुणा म्हणाली.

मृणाली धावत आली ती मोडक्या पायावरच पडली. सगुणा कळवळली, पण तिनं मुलीला दूर केलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली.

"दोन दीस रडली म्हनतात. तुज्यामुलं?"

"हो," निदा म्हणाली.

सगुणानं तिच्याकडे नीट पाहिलं. "रडली, पन हाय," ती म्हणाली, आणि मुलीच्या केसांतली माती काढू लागली.

त्याला आता चार वर्षं झाली. निदा त्याच अभ्यासक्रमात शिकवते, आणि मिरजोळ्याच्या एका संस्थेत तिचं प्रशिक्षण असलं की मला टेबलावर ठेवते. माझी पाकिटं आता बनतच नाहीत म्हणे. एरवी तिथल्याच लोखंडी कपाटात राहतो, बुरशीनं माझी काच धुरकटली आहे. तक्रार नाही. मागणं एकच. कधी अशा शिबिरात तुम्ही कॅमेरा घेऊन शिरलात, तर कोपऱ्यात एकट्या बसलेल्या मुलाकडे तो लगेच रोखू नका. जवळ बसा. जेवलास का, विचारा. फोटो नंतर काढता येतो.