आत्यांचे उपास

“बॅग भरली म्हणून घाबरू नका, भरायचंच तिचं काम आहे. रिकामी राहायला लागली, तर मात्र लगेच मला फोन करा,” असं पुण्याच्या हॉस्पिटलातल्या सिस्टरांनी आम्हाला घरी सोडताना सांगितलं होतं. मी मान हलवली आणि ते तिथंच सोडून दिलं. माझी तान्ही शुभ्रा कडेवर रडत होती, हे खाली टॅक्सी बघायला गेले होते, आणि मला वाटलं, रिकामी राहिली तर चांगलंच की. तेवढाच जिवाला आराम.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. नाव मंगल, राहायला विंझर. आतड्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी लहान आतड्याचं टोक पोटावर उजव्या बाजूला बाहेर काढून दिलं. कायमचं. आत्या त्याला ‘तोंड’ म्हणतात. तोंडाभोवती चिकटणारी चकती, चकतीला बॅग. तीन-चार दिवसांनी सगळं काढून नवं लावायचं, नाहीतर आतड्यातलं पाणी चकतीखाली शिरतं आणि कातडी सोलून काढतं. घरी आल्यावर आत्यांनी आरशात बघून विचारलं होतं, “सुलक्षणा, ह्या तोंडाला दात कवा येत्यात गं?” शुभ्राला तेव्हा पहिला दात येत होता.

आम्ही भोरला भाड्यानं राहतो. हे, म्हणजे आत्यांचा पप्पू, शिरवळच्या कंपनीत आहेत. कंपनीच्या विम्यात आईवडील बसतात, म्हणून ऑपरेशन निभावलं. बॅगांचं मात्र अडकलं. विमावाल्यांच्या मते बॅग म्हणजे हातमोजे, कापूस, साबण यांच्या रांगेतली वस्तू. ती उपचारासाठी लागते की स्वच्छतेसाठी, ते डॉक्टरांकडून लिहून आणा म्हणाले. आणलं. मग म्हणाले, सही आहे, शिक्का नाही. तोही आणला. त्यानंतर दर वेळी फोनवर एक गोड आवाज यायचा, “मॅडम, तुमचं प्रकरण प्रक्रियेत आहे.” मी बी.कॉम. झालेय, कागद वाचता येतात मला. पण ‘प्रक्रियेत’ या शब्दाला धरायला कुठं कोपराच नसतो. एकदा आत्या भोरला आमच्याकडे असताना मी त्या आवाजाशी भांडले होते, शुभ्रा मांडीवर किंचाळत होती, आणि आत्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. आत्यांच्या मापाच्या बॅगा भोरच्या मेडिकलात मिळत नाहीत. हे पुण्याहून जमेल तशा मागवायचे आणि विंझरला पोचवायचे.

मग श्रावण लागला. मी रोज सकाळी फोन करायचे.

“आत्या, खाल्लं का काही?”

“आज सोमवार न्हाई का? उपास.”

मंगळवारी देवीचा. शनिवारी मारुतीचा. मध्येच एकादशी. मी म्हटलं, “आत्या, डॉक्टरांना विचारलंय का?”

“डाक्टरला इचारून देव करायचा व्हय? बरं वाटतंय मला. बॅग बी लई भरत न्हाई आताशा.”

“बरं झालं,” मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

श्रावणात आमच्याकडे अख्खं गाव या ना त्या वाराला उपाशी असतं. कुणी ताट नको म्हटलं तर त्याला आग्रह करत नाहीत, उलट पाया पडतात. आत्यांच्या शेजारच्या ठकुबाई मध्येच फोनवर येऊन मला सांगायच्या, “सुलक्षणे, तुझी सासू लई देवाची झाली बघ! एवढ्या दुखण्यातून उठली, पर एक वार सोडत न्हाई!” मलाही अभिमान वाटला होता. मोठं दुखणं झालं की माणूस देवाकडे वळतो, असं मी मनाशी जुळवून टाकलं होतं.

शुभ्राचं जावळ जवळ आलं होतं. त्याचं काय ते ठरवायला मी चेलाडीला एसटी बदलून विंझरला गेले. नेहमी आत्या अंगणातच हात पुढे करतात, शुभ्राला डाव्या बाजूला घेतात आणि आधी तिच्या टाळूचा वास घेतात. त्या दिवशी ओसरीवर बसूनच राहिल्या.

“घ्या ना तिला,” मी म्हटलं.

“आज नगं. उपास हाय, हातात जोर न्हाई. पाडीन बिडीन.”

उन्हाळ्यात शुभ्राला जुलाब झाले होते. तेव्हापासून मला एक खोड लागलीय. बाळाची जीभ ओली आहे का, डोळे आत गेलेत का, लघवी झाली का, हे मी सारखी बघत असते. यांना त्याचा कंटाळा येतो. म्हणतात, पोरगी आहे की मीटर? त्या दिवशी मी आत्यांशी बोलत होते आणि डोळे आपोआप तेच बघायला लागले. ओठांच्या कोपऱ्यात पांढरं साचलेलं. डोळ्यांखाली खड्डे. बोलताना जीभ टाळूला चिकटत होती.

“आत्या, सकाळपासून लघवीला गेला होता?”

“अगं! सासूला असं इचारत्यात व्हय?”

“सांगा ना.”

“काल गेल्ते.”

मी त्यांचा हात मांडीवर घेतला आणि पंजाच्या वरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, हळूहळू बसली. अंगातलं पाणी कमी झालं की असं होतं, डॉक्टरांनी मला हे शुभ्राच्या पोटावर करून दाखवलं होतं.

“लुगडं सैल करा,” मी म्हटलं.

“येडी झालीस का? तुझं मामंजी हायेत आत.”

“मामंजी, जरा ठकुबाईंकडे जाऊन बसता का?” मी आत बघून ओरडले. मामंजी काही न विचारता शुभ्राला उचलून गेले.

आत्यांनी ओचा सोडला. चकती किती जुनी होती कोण जाणे. कडांना पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर आणखी चिकटपट्टी, मोडक्या पंख्याच्या पात्याला लावतात तशी. तिच्याखालची कातडी लाल, ओली, साल काढलेली. बॅगेत चमचाभर हिरवट पाणी.

“हे कधीपासून?”

“आगआग व्हती. आता सवय झाली.”

“बॅगा संपल्या? मग सांगितलं का नाही? आम्ही कुठूनही आणल्या असत्या.”

त्या उठल्या, भिंतीला धरत आत गेल्या आणि तांदळाच्या डब्यात हात घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काही बाहेर काढलं. कोऱ्या बॅगा. न उघडलेल्या.

“ह्या जावळासाठी ठिवल्यात,” त्या म्हणाल्या. “तुझं आईबाप येणार, पावणं येणार. नातीला मांडीवर घ्यायचं आन वास आला मंजी? पुढच्या कवा येत्याल त्याचा भरोसा न्हाई. तूच म्हनत व्हतीस न्हवं, फोनवर, किती दिस आडवणार म्हनून.”

“म्हणून उपास?”

“खाल्लं की येतं, आलं की बॅग लवकर सुटती. पाणी प्यालं तरी येतं. मंग म्या म्हटलं, देवाचं बी व्हईल आन बॅगंचं बी.” आणि त्या चक्क हसल्या. “तुज्या मामंजींची चैन हाय. माझी खिचडी तेच खात्यात.”

मला रडू आलं नाही, राग आला. विम्यावर, यांच्यावर, ठकुबाईंच्या कौतुकावर, त्या ‘बरं झालं’वर. पण सगळ्यात आधी सिस्टरांना फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, “मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटानं द्या आणि ताबडतोब इकडे निघा. मूत्रपिंडाला झळ बसते.”

आत्या हटून बसल्या. “आज सोमवार हाय. निर्जळी धरलाय, देवाचं मोडून पाणी घिऊ? उद्या जाऊ.”

तेवढ्यात मामंजी दारात आले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण चिकटपट्ट्या त्यांनी पाहिल्या. ते आमच्या महादेवाचे पक्के, सोमवारी देवळाची पायरी कधी चुकवत नाहीत. त्यांनी तांब्या भरला, मीठ-साखर मी टाकली, आणि तो आत्यांपुढे धरून ते म्हणाले, “तुझा उपास मी धरतो आजपासून. वर्षभर धरतो. तू पी.”

“तुमास्नी जमायचं व्हय? दुपार झाली की चिडत्यासा.”

“चिडंन. तू पी.”

आत्यांनी तांब्या घेतला.

जीप मिळेपर्यंत मी कोरी बॅग लावली. पहिल्यांदाच माझ्या हातानं. कोमट पाण्यानं कातडी पुसताना त्या ओठ दातांखाली दाबून छताकडे बघत होत्या. “सुनेनं हे बघायचं,” म्हणाल्या. मी म्हटलं, “शुभ्राचं रोज बघते. तिला तर लाजही वाटत नाही.” “तिला अजून सून कुठं आलीय?” असं म्हणून त्या परत हसल्या, आणि मला थोडा धीर आला.

सलाईन लागलं. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडं बिघडायला लागलेली दिसली, पण वेळेत आणलंत असं डॉक्टर म्हणाले. घरी यायला आठवडा गेला. जावळ पुढं ढकललं. सिस्टरांनी कुणाच्या तरी उरलेल्या बॅगा मिळवून दिल्या, हे पुण्याहून आणतात, आणि यांच्या कंपनीत विम्याचं बघणाऱ्या बाई आता स्वतः विमावाल्यांच्या मागे लागल्यात. प्रकरण अजून प्रक्रियेतच आहे. कातडी भरत आलीय, एका बाजूला मात्र अजून झोंबतं.

आत्या जेवतात. तरी फोनवर त्यांचा शब्द मी घेत नाही. मामंजींना विचारते, आणि मामंजी ओसरीवरून साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडतात, “भरली! दोनदा वतली!” आत्या मागून म्हणतात, “आता डंकाच वाजवा गावात!” सोमवारी मामंजींचा आवाज जरा चिडका असतो.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच. पोटावर असं तोंड असलेली माणसं तुमच्या गावात, तुमच्या आळीत असतील. ती बोलत नाहीत म्हणून तुम्हाला माहीत नसेल. कुणाचं तरी पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि आता ते बरे आहेत, अशी एखादी व्यक्ती तुम्हाला आठवली असेल, तर फोन करून विचारू नका. फोनवर सगळेच बरे असतात. उद्या दुपारी, जेवायच्या वेळेला, न सांगता त्यांच्या घरी जा. माझंही ताट वाढा म्हणा, त्यांच्या शेजारी बसा, आणि ते खरंच जेवतात का, हे बघून या.